साम्य अवयवांत नसतं: नामवंतांच्या अर्कचित्रांविषयी

प्रश्न थोडक्यात असा: पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं, पण नट, गायक, खेळाडू यांचं अर्कचित्र (कॅरिकेचर) करायला घेतलं की नाक मोठं करून, कान ताणूनही बघणारे विचारतात, "हा कोण?" आणि हेच काम पोटापाण्यासाठी करायचं तर ते चालतं कसं? पहिल्या भागाला जास्त जागा देतो. तो सुटला नाही तर दुसऱ्याची वेळच येत नाही.

नाक मोठं करून ओळख पटत नाही, कारण माणूस नुसत्या नाकावरून ओळखला जात नाही. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये जागा किती, डोळे एकमेकांपासून किती लांब, भिवई डोळ्यावर टेकलेली की वर उचललेली, कपाळाने चेहऱ्याचा केवढा हिस्सा खाल्लाय, या अंतरांवर ओळख ठरते. नवशिका अवयव फुगवतो आणि अंतरं मात्र पाठ्यपुस्तकातलीच ठेवतो. मग मोठ्या नाकाचा एक परका माणूस कागदावर येतो.

त्यात हात आपल्या नकळत सरासरीकडे ओढतो. लांब चेहरा काढताना तो थोडा आखूड होतो, जवळजवळचे डोळे जरा लांब सरकतात, कारण हाताला 'चेहरा असा असतो' हे पाठ असतं. गिलियन रोड्स, सुसान ब्रेनन आणि सुसान कॅरी या संशोधकांनी १९८७ साली ओळखीच्या माणसांच्या रेषाचित्रांवर प्रयोग केला. प्रत्येक चेहऱ्याची जशीच्या तशी रेखाटनं, सरासरीपासून दूर ढकललेली आणि सरासरीकडे ओढलेली, अशी चित्रं संगणकाने तयार करून लोकांना दाखवली. दूर ढकललेली सगळ्यात लवकर ओळखली गेली, अचूक चित्रांना त्याहून जास्त वेळ लागला आणि सरासरीकडे ओढलेली सगळ्यात मागे पडली. 'सगळ्यात जास्त सारखं कोणतं?' या प्रश्नालाही लोकांचा कौल अचूक चित्राला गेला नाही; तो सुमारे १६ टक्के अतिशयोक्तीच्या आसपास पडला. म्हणजे तुमचं 'हुबेहूब' चित्र नकळत दहा टक्के सरासरीकडे घसरलं असेल, तर ते अर्कचित्राच्या उलट दिशेला चाललेलं असतं.

इटालियन 'कारिकारे' म्हणजे भार लादणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्याच्या कराची (Carracci) या चित्रकार बंधूंच्या चित्रशाळेत असली 'भारलेली' छोटी व्यक्तिचित्रं निघू लागली, आणि त्या क्रियापदावरून पुढे युरोपीय भाषांनी 'कॅरिकेचर' हा शब्द घेतला. मराठीतला 'अर्कचित्र' हा शब्द मला कामाच्या दृष्टीने जास्त बरोबर वाटतो. अर्क काढताना काही वाढत नाही, आटतं. चांगल्या अर्कचित्रात जे मोठं झालंय त्यापेक्षा जे गाळलंय ते जास्त असतं.

आता नामवंतांची खास अडचण. समोर बसलेल्या माणसाचं चित्र लोक त्या माणसाशी ताडून बघतात. प्रसिद्ध माणसाचं चित्र ते आपल्या डोक्यातल्या आठवणीशी ताडतात, आणि ती आठवण पोस्टर, भूमिका, सामन्यांची क्षणचित्रं यांच्या मिश्रणातून बनलेली असते. चार्ली चॅप्लिनची मिशी चिकटवलेली होती आणि त्याचे डोळे निळे होते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावरून ते कुणाच्याच आठवणीत गेलं नाही. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी एक निर्णय घ्यायचा: कोणत्या वर्षांतला माणूस काढायचा? तिशीत गाजलेला नट आज सत्तरीत असेल तर आजचा फोटो प्रमाण मानून काढलेलं चित्र बरोबर असूनही 'लागत' नाही. उपाय असा की हाडांची ठेवण आणि अंतरं जुन्या काळातली घ्यायची, केस आणि कातडीचं वय आजचं द्यायचं.

पण वेशभूषेच्या आधाराला बळी पडू नका. गोल टोपी आणि चौकोनी मिशी लावली की कुणीही चॅप्लिन होतो. रफ तयार झालं की टोपी, चष्मा, मिशी, केशरचना, जे काही 'ओळखीचं' आहे ते अंगठ्याने झाका. उरलेल्या चेहऱ्यातून माणूस दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुम्ही माणूस नव्हे, त्याचं कपड्यांचं कपाट काढलंय.

संदर्भ गोळा करताना किमान पंधरा-वीस फोटो घ्या आणि ते वेगवेगळ्या अंतरावरून, वेगवेगळ्या वर्षांत, शक्यतो वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी काढलेले असू द्या. प्रसिद्धीसाठी दिलेले फोटो सगळ्यात कमी उपयोगाचे: त्यांत डोळ्यांखालच्या घड्या पुसलेल्या, जबडा कोरलेला, दोन्ही बाजू सारख्या केलेल्या असतात, म्हणजे आपल्याला हवं तेच काढून टाकलेलं असतं. सेल्फी तर मापासाठी घेऊच नका. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. तुम्ही त्यावर अतिशयोक्ती केली तर ती लेन्सची होते, माणसाची नव्हे. मापासाठी दोन मीटर किंवा जास्त अंतरावरून, ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले समोरचे आणि पाऊण बाजूचे फोटो बरे. काही सेल्फी आरशातल्यासारख्या उलट्या छापल्या जातात. तीळ किंवा केसांचा भांग कोणत्या बाजूला आहे हे दोन-तीन फोटोंवरून ताडून घ्या.

आणि चलचित्र बघा, आवाज बंद करून. आवाज चालू असला की माणूस ओळखीचा वाटतच राहतो आणि नजर सुस्तावते. मान कशी धरतो, हसताना खालचे दात दिसतात की वरचे, बोलण्याआधी भिवई उचलतो का, हे फोटोत मिळत नाही. दहा मिनिटं बघून चलचित्र बंद करा आणि आठवणीतून काढा. लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकासाठी 'स्पाय' या नावाने काम करणारा लेस्ली वॉर्ड माणसांना न्यायालयात, शर्यतीच्या मैदानावर न्याहाळायचा आणि बरंचसं आठवणीतून उतरवायचा. अमेरिकन अर्कचित्रकार अल हर्शफेल्ड नाट्यगृहाच्या अंधारात खिशातल्या कागदावर न बघता खुणा करायचा. आठवणीतून काढलेलं चित्र बेढब निघेल, पण त्यात जे टिकलं तेच बघणाऱ्याच्या डोक्यातही टिकलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग मोजमाप. सरासरी चेहऱ्याचे ठोकताळे तुम्हाला माहीत असतील: डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याची जागा. ही मापं काढण्यासाठी नाहीत, तुलना करण्यासाठी आहेत. समजा एक चेहरा घेतला आणि त्याचे तीन मजले केले: केसांच्या रेषेपासून भिवया, भिवयांपासून नाकाचं बूड, तिथून हनुवटी. सरासरीत हे साधारण १ : १ : १ असतात. तुमच्या माणसाचे आले ०.९ : १.२५ : ०.८५. म्हणजे मधला मजला उंच, वरचा किंचित दबलेला, खालचा बराच दबलेला. सरासरीपासूनचे फरक दुप्पट करा: ०.८ : १.५ : ०.७. बेरीज दोन्ही वेळा ३ च आहे, हे लक्षात ठेवा. चेहरा १८ सेंटिमीटरचा काढताय तर हुबेहूब चित्रात हे मजले ५.४, ७.५ आणि ५.१ सेंटिमीटरचे झाले असते. आता ते ४.८, ९ आणि ४.२ होतील. नाक आपोआप लांबलं, ते वेगळं 'मोठं' करावं लागलं नाही. आणि तोंडाला ४.२ सेंटिमीटरमध्येच बसायचं असल्याने वरचा ओठ नाकाला भिडला. बघणारा 'नाक काय काढलंय!' म्हणतो खरा, पण ओळख पटवली ती त्या नाकाखालच्या दाटीने.

वस्तुमान ठरावीक आहे असं समजा. एकीकडे घातलं की दुसरीकडून काढायचंच. कपाळही मोठं, जबडाही मोठा, नाकही मोठं केलं तर सगळं पुन्हा प्रमाणात येतं आणि फक्त डोकं मोठं दिसतं. मोबाइलवरचे चेहरा फुगवणारे फिल्टर याच कारणाने हसवतात पण ओळख वाढवत नाहीत. एक मुख्य फरक, एक दुय्यम फरक, बाकी गप्प. आडवी मापंही अशीच घ्या: डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर, नाकपुड्यांची रुंदी, तोंडाची रुंदी. दोन डोळे आणि नाक मिळून जो आकार होतो त्याची उंची-रुंदी पक्की झाली की अर्धं साम्य आलं.

यानंतर आठ-दहा छोटी रफ चित्रं, प्रत्येकी चार-पाच सेंटिमीटर उंच, दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ न देता, बोथट पेन्सिलीने. एवढ्याशा जागेत पापण्या काढता येत नाहीत, त्यामुळे डोक्याचा आकार आणि अंतरंच ठरवावी लागतात. प्रत्येकात वेगळा फरक मुख्य धरा. जे सगळ्यात विचित्र वाटतं ते टाकू नका. बऱ्याचदा त्याला तीस टक्के मागे आणलं की तेच चित्र ठरतं. उलट, भीतभीत केलेलं रफ पुढे नेताना आणखी भित्रं होत जातं.

चित्र उलटं (वरची बाजू खाली) करून तपासा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो आकार नकलायला चांगला, साम्य तपासायला वाईट. पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटे बसवले. तो फोटो पालथा धरला की काही बिघडलंय असं वाटत नाही. सरळ केला की अंगावर येतो. पालथ्या चेहऱ्यातली अंतरं आपला मेंदू नीट वाचतच नाही, मग तिथे साम्य काय तपासणार? त्यासाठी आरसा वापरा, किंवा चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि दुसऱ्याला दाखवताना नाव सांगू नका. 'हा अमक्यासारखा दिसतो का?' या प्रश्नाला माणसं सौजन्याने हो म्हणतात. 'कोण आहे?' एवढंच विचारा. 'कुणीतरी ओळखीचा वाटतोय' असं उत्तर आलं तर अवयव बरोबर आणि अंतरं चुकलीत. भलत्याच माणसाचं नाव आलं तर ते हिऱ्यासारखं जपा: त्या दुसऱ्या माणसाचा फोटो शेजारी ठेवला की नेमकं कुठे घसरलात ते लगेच दिसतं.

भिवयांना कमी लेखू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नामवंतांच्या फोटोंमधून एकदा डोळे पुसले आणि एकदा भिवया. भिवया नसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. भिवईचा उंचवटा कुठे आहे, ती नाकाच्या बाजूला जाड की कानाच्या बाजूला, डोळ्यापासून किती वर, एवढं आधी ठरवा.

डोळ्यात मुख्य काम वरच्या पापणीचं. तिने बुबुळाचा किती भाग झाकलाय हे त्या माणसाचं कायमचं माप असतं. कुणाचं बुबुळ एक-पंचमांश झाकलेलं, कुणाचं निम्मं. वरची रेषा जाड, खालची जवळजवळ नाहीच. बुबुळाखाली पांढरं दिसलं की माणूस घाबरलेला किंवा थकलेला वाटतो, म्हणून ते मुद्दाम हवं असेल तरच. दातांची चूक तर हमखास होते. दातांमधल्या फटी एकेक करून काढल्या की पंचविशीतली गायिका साठीची दिसते. दात हा एक सलग पांढरा पट्टा. फटीची खूण फक्त हिरडीजवळ, तीही एक-दोन ठिकाणी. ओठांमधली रेषा सगळ्यात गडद, कोपऱ्यांशी जाड.

देखणे चेहरे अवघड जातात, कारण बरेच देखणे चेहरे सरासरीच्या जवळ असतात आणि वाढवायला फरकच सापडत नाही. अशा वेळी चेहरा सोडून बाहेर बघा: मानेची लांबी, डोकं कुठल्या बाजूला कलतं, खांद्यांचा उतार, केसांचं एकूण वस्तुमान. स्त्रियांच्या बाबतीत अतिशयोक्ती डोक्याच्या बाह्याकारात आणि केसांत करा, कातडीवर नको. नाकाच्या दोन्ही बाजूंना रेषा, डोळ्यांखाली रेषा, गालावर रेषा घातल्या की वय चढतं आणि साम्य उतरतं.

एक मुद्दा सहज राहून जातो. तुलना कोणत्या सरासरीशी करताय? एखाद्या आफ्रिकी किंवा चिनी खेळाडूचा चेहरा तुम्ही युरोपीय प्लास्टरच्या मुखवट्याच्या सरासरीशी ताडला, तर जे वाढेल ते त्या माणसाचं वैशिष्ट्य नसेल, त्याच्या सगळ्या समाजाचं असेल. असं चित्र अपमानकारक तर होतंच, शिवाय ओळखूही येत नाही, कारण त्यात तो माणूस नसतोच. त्याच समाजातले दहा-बारा चेहरे शेजारी ठेवा आणि त्यांच्यापासून हा कुठे वेगळा आहे ते शोधा.

वारंवार काढावा लागणारा चेहरा असेल तर मुठीएवढं मातीचं डोकं करून ठेवा. ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराने १८३० च्या दशकात फ्रेंच राजकारण्यांची छोटी मातीची डोकी घडवली होती. त्यांतली ३६ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. डोकं कोणत्याही कोनात फिरवता येतं, दिवा हवा तिथे ठेवता येतो आणि फोटोत न मिळणारा कोन मिळतो. हे काम फुकट जात नाही. बोटांना कळलेला जबडा पेन्सिल विसरत नाही.

रफमध्ये आलेलं साम्य फायनलला उडतं, ही तक्रार जवळपास सगळ्यांची. कारण साधं: चार सेंटिमीटरचं रफ तुम्ही डोळ्याने मोठं करता, आणि ते करताना हात पुन्हा सरासरीकडे ओढतो. रफ स्कॅन करून यंत्रानेच मोठं करा आणि लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) किंवा वेगळ्या लेअरवर त्यावरूनच काम करा. शाई लावताना डोळे आणि तोंड आधी, मन ताजं असताना. केस आणि कपडे शेवटी. १८ सेंटिमीटरच्या चेहऱ्यात बुबुळ एक मिलिमीटर सरकलं तरी नजर बदलते. कागदावर करत असाल तर गुळगुळीत पृष्ठभागाचा, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कागद घ्या. खडबडीत कागदावर निब अडकते आणि शाई फुटते. टॅब्लेटवर ए-थ्री आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलला सुरुवात करा. नंतर मोठं केलेलं चित्र छपाईत मऊ पडतं. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) एकदा बघून घ्या, कारण पडद्यावरचे झगझगीत लाल-निळे तिथे मरतात आणि गालांचा रंग विटकरी होतो.

साम्य साधलं की चित्र झालं, असं मात्र नाही. मासिकाला कल्पनाही हवी असते. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा व्रण शर्ट वर करून पत्रकारांना दाखवला होता. अमेरिकन अर्कचित्रकार डेव्हिड लीव्हाइनने १९६६ साली त्यांना तसंच शर्ट वर केलेलं काढलं, फक्त व्रणाचा आकार व्हिएतनामच्या नकाशाचा दिला. एका छोट्या आकाराने चित्राला विषय दिला. अशी जोड सापडत नसेल तर ओढूनताणून वस्तू भरू नका. माणसाच्या हातात माइक, बॅट, पुरस्कार कोंबलेली चित्रं भरपूर असतात.

आता व्यवसाय. कामं साधारण तीन प्रकारची: वर्तमानपत्रं-मासिकं, जाहिराती किंवा समारंभासाठीच्या मागण्या, आणि समोर बसवून काढणं. शेवटच्यात एका काळ्या-पांढऱ्या चेहऱ्याला तीन ते पाच मिनिटं मिळतात. वेग आणि धीटपणा यायला त्याच्यासारखी तालीम नाही. संपादकीय कामाला बहुधा एक-दोन दिवस मिळतात. आधी दोन-तीन रफ पाठवा, मंजुरी लेखी घ्या, आणि मंजुरीनंतरच्या दुरुस्त्या किती (दोन पुरे) ते आधीच ठरवा. नाहीतर 'जरा कमी करा, साहेब रागावतील' या एका वाक्यावर चित्र हळूहळू पासपोर्ट फोटो होतं. चित्र कुठे, किती काळ वापरायचं ते लिहून घ्या. मासिकात छापण्याची परवानगी म्हणजे टी-शर्टवर छापण्याची परवानगी नव्हे.

कायदा देशागणिक वेगळा आहे, पण अमेरिकेतले दोन निकाल चित्रकाराने माहीत ठेवावेत. गॅरी सॅडरप या चित्रकाराने 'थ्री स्टूजेस' या विनोदी नटांच्या त्रिकुटाची कोळशाने काढलेली हुबेहूब चित्रं टी-शर्टवर विकली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला आणि ७५,००० डॉलर नफ्याची भरपाई कायम ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं की चित्रकाराने स्वतःचं पुरेसं काही घातलं नाही, नुसती छबी विकली. म्हणजे सपाट, गोडगोड पोर्ट्रेट वस्तूंवर छापणं धाडसी अर्कचित्रापेक्षा जास्त जोखमीचं ठरू शकतं. दुसरा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २०२३ चा: चित्रकार अँडी वॉरहॉलने केलेल्या प्रिन्स या गायकाच्या चित्राविषयीचा. ते छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या एका फोटोवरून केलेलं होतं, आणि मासिकासाठी दिलेला तो वापर न्याय्य (म्हणजे छायाचित्रकाराच्या परवानगीशिवाय चालण्याजोगा) ठरला नाही. म्हणून एकाच फोटोचा कोन, प्रकाश आणि भाव जसाच्या तसा उचलू नका. पंधरा-वीस फोटो घ्यायचं हे दुसरं कारण.

चित्र ज्याचं आहे तो नाराज झाला तर? चांगलं अर्कचित्र दुखावतं क्वचितच. आजार, व्यंग किंवा लठ्ठपणा हाच विनोद केला तर दुखावतं, आणि तेव्हा दोष चित्रकाराचा. बहुतेक नामवंत उलट मूळ चित्र मागतात. न्यू यॉर्कच्या सार्डीज उपाहारगृहात नट-नट्यांची अर्कचित्रं काढणाऱ्या अॅलेक्स गार्डने मोबदल्यात रोजचं एक जेवण घेतलं होतं. करारात म्हणे असंही होतं की मालकाने चित्रांना नावं ठेवायची नाहीत आणि गार्डने जेवणाला. तुमच्या करारात मूळ चित्र कुणाकडे राहणार एवढं एक वाक्य तरी असू द्या. डिजिटल कामात मूळ म्हणजे लेअर असलेली फाइल. ती कुणालाच देऊ नका, सपाट प्रत द्या. आणि रफ फेकू नका. त्या माणसाचं पुढचं चित्र मागितलं गेलं की मोजमापं तयार असतात, फक्त वय वाढवायचं राहतं.